गोल झालेल्या कांड्या

१२ जानेवारी

प्रिय धाकटे,

फोन सोडून पत्र कसं काय, असं वाटेल तुला. पण आपल्या घरात फोन म्हणजे चव्हाटा. तुझा दादा शेजारी बसून "काय म्हणते? काय म्हणते?" करत असतो, आणि मला जे विचारायचंय ते त्याच्यासमोर विचारता येत नाही.

त्याचा आवाज बसलाय हे तुला माहीत आहे. फुलबाजारात पहाटेपासून लिलाव पुकारणाऱ्याचा घसा बसायचाच, असं म्हणत आम्ही बरेच महिने ढकलले. गुळण्या झाल्या, वाफारे झाले, मौनही झालं. मौन जेमतेम एक दुपार टिकलं. शेवटी मीच ओढत दवाखान्यात नेलं. नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासला. स्वरयंत्राचा कॅन्सर आहे.

गळ्याचे डॉक्टर कमी बोलतात. म्हणाले, "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गाठ अजून जागच्या जागी आहे, तोवर काढलेली बरी." म्हणजे आवाज कायमचा जाणार. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. आणि तुझा दादा काय बोलला असेल?

"डॉक्टर, माझी बहीण सोन्याने गाठी जाळते. तिला विचारून सांगतो."

वर्तमानपत्रात तुमच्या प्रयोगशाळेबद्दल आलं होतं ना, ते कात्रण त्याने पाकिटातून काढून टेबलावर पसरलं. डॉक्टरांनी सगळं वाचलं, नीट घडी घालून परत दिलं. "जरूर विचारा," म्हणाले, "पण लवकर विचारा."

तर मी विचारतेय. ते तुझं सोनं आणि लेसर याच्यासाठी थांबण्यात काही अर्थ आहे का? सरळ सांग. मला पुस्तकी कळत नाही, पण हो आणि नाही कळतं.

तुझी,
वहिनी


२३ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र कोटाच्या खिशात घेऊन फिरतेय. उत्तर लिहायला बसले की कुणीतरी हाक मारतं, नाहीतर यंत्र हाक मारतं. आमच्या लेसरला तापायलाच अर्धी सकाळ लागते. मला त्याहून जास्त.

आधी आम्ही काय करतो ते सांगते. सोन्याच्या अगदी बारीक कांड्या बनवतो. तांदळाच्या दाण्यासारख्या लांबट, पण केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी मावतील इतक्या लहान. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा एक प्रकाश असतो, तो कातडीतून थोडा आत जातो. कांडीची लांबी त्या प्रकाशाला जुळवलेली असते, म्हणून ती तो घटाघटा पिते आणि तापते. आजूबाजूची गाठ भाजून निघते. जिथे कांड्या नाहीत, तिथून प्रकाश फारसं काही न करता निघून जातो.

उंदरांमध्ये निकाल चांगले आहेत. माणसांवर चाचणी घेण्याची परवानगी सरांनी मागितली आहे. मिळाली तर वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होईल. दादाचं नाव त्यात बसेल का, हे मी सरांना विचारते. उंदरांच्या गाठी कातडीखालीच असतात, गळ्याच्या आतलं प्रकरण वेगळं, हेही लक्षात घे.

इतका मोठा निर्णय घाईने घेऊ नका. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना दाखवून घ्या. इकडे रंगाचा एक बारीकसा घोळ चालू आहे, तो निस्तरला की नक्की काय ते कळवते.

दादाला म्हणावं, बोलणं कमी कर. ऐकणार नाही, पण म्हणावं.

तुझी,
धाकटी


८ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. न दाखवून चालणारच नव्हतं, पोस्टमनकडून त्यानेच घेतलं होतं. "घाईने घेऊ नका" हे वाक्य त्याने मला दोनदा वाचायला लावलं. बाकीच्या पत्राचं काय झालं ते विचारू नकोस. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती त्याने स्वतः जाऊन रद्द करून आणली. "आमच्या शास्त्रीणबाई म्हणाल्यात, घाई नको."

दुसऱ्या डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतो, "घरची डॉक्टर असताना?" तू पोटाची डॉक्टर नाहीस, गळ्याची नाहीस, धातूची आहेस, हे मी सांगून थकले.

खोटं कशाला बोलू, मलाही हलकं वाटलं. घरातलं वातावरण बदललं. परत बाजारात जायला लागलाय. आवाज म्हणजे पत्रा घासल्यासारखा, पण व्यापारी ऐकून घेतात. त्याच्या शेजारी आता एकजण उभा राहतो आणि याने पुटपुटलेला भाव मोठ्याने सांगतो. गुलछडीचे भारे संपेपर्यंत खोकत उभा असतो. घरी आला की खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो. मी शिवणाच्या मशीनवर असते. आमच्या गल्लीत सगळे एकदम बारीक झालेत की काय कोण जाणे, पँटी आत घ्यायला रांग लागली आहे.

रंगाचा घोळ म्हणजे काय? आणि चाचणीत नाव लागलं का?

वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

तारीख रद्द केली? मी थांबा असं लिहिलं नव्हतं. मी काय लिहिलं होतं ते परत आठवून पाहिलं, आणि खरं सांगू, मलाच नीट सांगता येईना.

रविवारी फोन करते. दादाशी मीच बोलते. तू काही बोलू नकोस तोवर.

धाकटी


१ मार्च

धाकटे,

तू रविवारी फोन केलास. मी मशीन बंद करून ऐकत बसले होते, की आता सांगेल, मग सांगेल. तुम्ही हवेवर बोललात. तुझ्या घरमालकिणीच्या मांजरावर बोललात. लहानपणी दादाने तुला सायकलवरून पाडलं होतं त्यावर हसलात. त्याने "आणि सोनं काय म्हणतंय?" विचारल्यावर तू "चाललंय" म्हणालीस. म्हणालीस ना? कारण फोन ठेवून तो मला म्हणाला, "बघ, चाललंय."

काल त्याच्या रुमालावर रक्त होतं. मला दिसू नये म्हणून त्याने तो आधी धुवायला घेतला, आणि डाग जाईना तेव्हा माझ्या शिवणातल्या चिंध्यांमध्ये कोंबला. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो बादलीपाशी उभा होता. मला लगेच कळलं.

तू थकलेली असशील. मीही आहे. पण मी तुला हो की नाही विचारलं होतं, आणि तू मला उंदीर, उत्तरार्ध आणि घोळ सांगितलास. आता हो की नाही लिही. गोड करून लिहू नकोस. मी ते पत्र त्याला वाचून दाखवणार आहे, तेव्हा त्या हिशोबाने लिही.

वहिनी


७ मार्च

प्रिय दादा, प्रिय वहिनी,

नाही.

आमच्या सोन्यासाठी थांबू नका. दादा, तू उद्याच्या उद्या जाऊन ऑपरेशनची तारीख परत घे. हे पहिलं वाचा, पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

रंगाचा घोळ असा. आमच्या कांड्या पाण्यात असतात तेव्हा ते पाणी तपकिरी दिसतं. पातळ कोऱ्या चहासारखं. लेसर मारल्यावर ते तपकिरी राहायला हवं. माझ्या काचेच्या नळ्यांतलं पाणी गुलाबी व्हायला लागलं, पुढे चक्क लाल. आधी वाटलं मी भांडी नीट धुतली नाहीत. मग वाटलं पाणी खराब. सर म्हणाले, "पुन्हा करून बघ." पुन्हा केलं. ते परत म्हणाले, "पुन्हा." इतक्या वेळा केलं की हल्ली घरी कपबशी विसळतानाही मी तीनदा विसळते.

शेवटी तो लाल थेंब मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातला. कांड्या नव्हत्याच. गोळ्या होत्या. गोल, गुळगुळीत, एकसारख्या.

लेसरचा झोत येतो तो फार जोरकस आणि फार क्षणिक. कांडी इतक्या झटकन तापते की ती उष्णता बाजूच्या पाण्याला द्यायला तिला उसंतच मिळत नाही. मग ती स्वतःच मऊ पडते. सोनं वितळायला भट्टी लागते असं आपण समजतो. एवढ्या लहान कणात तसं नसतं. वरच्या थरातले अणू पुष्कळ आधीच जागा सोडायला लागतात, टोकांकडचे मध्याकडे सरकतात. कांडी आखूड होते, जाड होते, आणि अखेर तिची गोळी होते. आणि गोळीला तो प्रकाश पिता येत नाही. सोनं तेच, वजन तेवढंच, फक्त आकार गेला.

म्हणजे पहिला झोत गाठीचा वरचा भाग भाजतो, आणि त्यानंतरचे झोत वाया जातात. आम्ही जे तापमान कौतुकाने दाखवत होतो ते पहिल्या झोताचं. उंदरांच्या गाठी वरून सुकल्या होत्या. त्यातल्या काही खालून पुन्हा वाढायला लागल्या आहेत. झोत मंद केला तर कांड्या टिकतात, पण मग गाठ पुरेशी तापत नाही. मधला रस्ता असेल. कुणाला तरी सापडेलही. पण दादा, तो तुझ्यासाठी वेळेवर सापडणार नाही.

मी जानेवारीत पत्र लिहिलं तेव्हा गुलाबी नळ्या माझ्या समोर होत्या. त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता हे खरं. कळू नये असं वाटत होतं, हेही खरं. आणि त्या रविवारी तू फोनवर इतका खूश होतास की माझी जीभ उचलेना.

परवा बैठकीत मी अंधार करून गोळ्यांचे फोटो पडद्यावर दाखवले. सरांनी शेवटचा फोटो पुन्हा लावायला सांगितला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून फोन येतात, आमच्या माणसाचं नाव घ्या म्हणून. ते म्हणाले, "तुला कळतंय ना, यानंतर परवानगीचा अर्ज मागे घ्यावा लागेल?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "तुझा भाऊ पण होता ना यादीत?" मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि दिवा लावायला सांगितला. अर्ज मागे घेतला आहे.

तारीख घे, दादा.

धाकटी


१४ मार्च

प्रिय धाकटे,

वाचलं. तो जेवायला बसला होता, जेवायला म्हणजे वाटीतलं पातळ घोटायला. मी म्हटलं, "पत्र आलंय." म्हणाला, "वाच." मी पहिला शब्द वाचला आणि थांबले.

"पुढे?" म्हणाला.

"तारीख घे म्हणते."

"ते कळलं. पुढे वाच. बारकीने इतकं लिहिलंय तर वाच की."

मग मी सगळं वाचलं. कांड्या गोल होतात तिथे त्याने हात वर केला. "म्हणजे सोनंच दमतं म्हण की," असं काहीतरी पुटपुटला. मी रडायला लागले तर माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच आजारी आहे. "अगं, ताट पुसून घे," म्हणाला, "सांडतंय."

कपडे बदलून आम्ही लगेच रिक्षा केली. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पुन्हा नळी घातली, पुन्हा फोटो काढले, मान चाचपली. एका बाजूला चाचपताना जरा जास्त वेळ थांबले. पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आहे.

तुझ्यावर राग आहे. तो आहे असं लिहून टाकते, म्हणजे मनात साचणार नाही. तुझं काम मला कळत नाही, पण भर बैठकीत उभं राहून ते बोलणं सोपं नव्हतं एवढं कळतं. दोन्ही एकाच वेळी कळतं, आणि त्याने डोकं दुखतं.

दादाला तुला काही लिहायचंय म्हणे. चिठ्ठी सोबत ठेवलीय. मी वाचलेली नाही. खरंच.

वहिनी

[सोबत]

शास्त्रीणबाईंस,

बोलायला गेलं की खोकला येतो म्हणून लिहितोय. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीने पाय उमटवल्यासारखं. चालवून घे.

तुझ्यामुळे मी थांबलो असं तुला वाटत असेल. तुझ्या वहिनीलाही तसंच वाटतं, आणि मी तसं वाटू दिलं. पण ऐक. डॉक्टरांनी आवाज जाणार म्हटलं, तेव्हा मला पळून जायला एक दार हवं होतं. तुझं कात्रण खिशात होतं. नसतं तर मी एखादा बाबा गाठला असता, नाहीतर झाडपाला. बहिणीचं नाव पुढे केलं की कुणी हसत नाही, उलट लोक कौतुक करतात. "थांबा" तू म्हणाली नव्हतीस हे मला तेव्हाही नीट कळलं होतं. माझा कान अजून शाबूत आहे. आयुष्यभर मी गर्दीतली एकेक बोली टिपली आहे, तुझ्या पत्रातलं चाचरणं मला ऐकू आलं नसेल?

आवाज म्हणजे माझं दुसरं काय आहे? शिक्षण नाही, जमीन नाही. पहाटे मी ओरडलो की बाजार उघडतो. तो गेला की मी कोण, हे मला कळत नाही. अजूनही कळलेलं नाही. पण तुझ्या वहिनीने शिवणाच्या चिंध्यांतून तो रुमाल काढून माझ्यासमोर ठेवला आणि परत मशीनवर जाऊन बसली. त्यानंतर पळायचं म्हटलं तरी पाय उचलेना.

तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. उशिरा सांगितलंस ते वाईट केलंस. संपलं. यावर आता मी बोलणार नाही, आणि पुढच्या आठवड्यापासून तर अजिबातच बोलणार नाही.

दादा


१९ मार्च

प्रिय दादा,

ही चिठ्ठी तुला ऑपरेशनच्या आधी मिळेल की नंतर, कोण जाणे. "अजिबातच बोलणार नाही" हा तुझा विनोद वाचून आधी हसले नाही. मग हसले.

सोनं दमतं म्हणालास म्हणे. दमत नाही रे. त्याला एकाच क्षणी खूप दिलं की ते स्वतःचा आकार सोडून ज्यात कमीत कमी कष्ट आहेत त्या आकारात जाऊन बसतं. पण आमच्या इथल्या सगळ्यांना तुझा शब्द आवडला. सरांनी पण तो बैठकीत वापरला. ते फोटो दाखवल्यापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात, पण तो शब्द त्यांनी माझ्याकडे बघून वापरला.

मला रजा मिळेल का विचारते. तू कोण, हे मला माहीत आहे. भेटल्यावर सांगेन. तू मध्ये बोलणार नाहीस, त्यामुळे पहिल्यांदाच पूर्ण सांगता येईल.

तुझी,
धाकटी


४ एप्रिल

प्रिय धाकटे,

ऑपरेशन झालं. पाच मिनिटं बसायला मिळालं म्हणून दवाखान्याच्या बाकावरून लिहितेय. त्याला तुझी चिठ्ठी मिळाली, आदल्या दिवशी. उशीखाली आहे.

गळ्याला नळी आहे, नाकात नळी आहे, छातीवर पाटी आहे. लहान मुलांची असते तशी, पुसायची. शुद्धीवर आल्यावर त्याने पाटीवर पहिलं काय लिहिलं? "पंखा." तो काहीतरी मोठं लिहील म्हणून मी वाकून बसले होते. पंखा लावला.

चिडतो फार. पाटी आपटतो. हाक मारता येत नाही म्हणून चमचा खाटेवर बडवतो, आणि अख्खा वॉर्ड जागा होतो. बाजारातले दोघे भेटायला आले, ते उभ्या उभ्या नुसते बोलत राहिले, कारण हा गप्प आहे हे त्यांना सोसवेना. ते गेल्यावर याने भिंतीकडे तोंड केलं. मी पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

आता तुला जे विचारायचं असेल, ते मीच सांगते. मानेतल्या गाठींमध्येही सापडलं आहे. एका बाजूच्या. सगळ्या काढल्या, पण आता शेक द्यावे लागणार, किरणांचे. बरेच. जानेवारीत केलं असतं तर त्या गाठी स्वच्छ निघाल्या असत्या का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित हो. कदाचित तेव्हाही तिथे असतं." मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. तूही विचारू नकोस, मला नाही, त्यालाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही. हे आपल्या तिघांत असंच राहणार. उत्तर नसलेल्या गोष्टीला रोज उठून उत्तर शोधायची ताकद माझ्यात नाही.

रजा मिळाली असेल तर ये. माफी मागायला येऊ नकोस, त्याला ते ऐकून घ्यायला जमणार नाही आणि मला वेळ नाही. त्याची नळी साफ करायला शिकायला लागेल, शिकवते, अवघड नाही, तुझे हात स्थिर आहेत. येताना काही आणू नकोस. नुसती ये, आणि सकाळची पाळी तू घे.

मला झोपायचंय.

वहिनी